सरासरी

स्टोअररूममध्ये पंखा बंद करून
पहाटेच रेकॉर्ड केली सरासरी.
पाचव्या मिनिटाला कोंबडा आरवला.
कोण पुन्हा करेल, राहू दिलं.

सतरा जणांनी पाहिलं, मोबाइल म्हणाला.
महिनाभर मी त्या सतरालाच शिकवत होते.

मग रात्री अडीचला
(कुरखेड्यापलीकडे रेंज तेव्हाच, तीही टाकीवर चढलं तर)
रैजू नैतामचा आवाज:
‘मॅडम, गनित जुळलं,
पन तेवढे तेंदूचे पुडे
गावात कोनीच बांधत नाही.’

मी उठेतोवर
करिष्मा सयामनं सांगूनही टाकलं होतं:
‘सरासरी म्हंजे मानूस नाही ना बापा,
मध्यक काढून पाय.’
मागे बकऱ्या, कुणाचं तरी खोकणं.

टाइप करायला घेतलेलं पुसलं.
दोघांचं पुन्हा ऐकलं.

कोंबडा अजून तिथंच आहे,
पाचव्या मिनिटाला.