हात पुढे कर

लांबी चार सेंटिमीटर, नाकाडापासून शेपटीच्या बुडापर्यंत.
खवले नाहीत.
मिशांच्या तीन जोड्या, पैकी दोन ओठातच मुरलेल्या.
बाजूचे काटे धरताच ताठ, कुलूप लागल्यासारखे.
खालच्या जबड्यात दात आठ? की दहा?
भिंगावर माझाच श्वास साचतो, पुसतो, पुन्हा साचतो.

कासुबा तोवर कमरेइतक्या पाण्यात,
कलुंग्विशी जिथे खडकांशी भांडत उतरते तिथे.
ती दगड उलटा करते,
पोटाशी चिकटलेला जीव अंगठ्याने अलगद सोडवते,
गुडघ्यावर घासून वाळू झटकते
आणि न विचारता माझ्या तळहाताला लावते.

तोंड कसलं, चकतीच ती! गोल, खरखरीत, गच्च.

"आई नाव नाही सांगायची," ती म्हणते,
"हात पुढे कर, म्हणायची.
आता उलटा कर.
पडला, तर तो दुसराच कुणीतरी."

मी हात उलटा करतो.
खाली सगळं वाहतंय: फेस, पानं,
मघाशी कानावरून निसटलेली माझी पेन्सिल.
हा मात्र लोंबकळतोय,
कल्ले हलवत, माझ्या आयुष्यरेषेवर तोंड टेकून.

दातांचा रकाना कोराच आहे.
"सोड आता त्याला," कासुबा म्हणते.
मी काय सोडणार?
धरलंय त्याने.