तांब्याचं वाइंडिंग

सकाळी नऊला, शटर अर्धंच वर गेलेलं,
तुषारचा फोन आला विनिपेगहून.
तिकडे रात्र. त्याने कॅमेरा फिरवला :
दिव्याखाली सगळं पांढरं, कुंपण गिळून बसलेलं,
आणि बुडालेली गाडी, नुसता आरसा वर.

"मामा, बर्फ फेकायची मशीन घ्यायची आहे.
एक साधी आहे. एक तिच्या अडीचपट.
तुम्ही मशीनीतले माणूस. सांगा,
पैसे वसूल होतात का?"

मी बर्फ पाहिलाय तो फ्रिजच्या वरच्या कप्प्यात
आणि सक्करदऱ्याच्या गोलेवाल्याच्या रंध्याखाली.
माझं दुकान कूलरचं, गोळीबार चौकात.
जानेवारीत तेही झोपलेलं.
समोरच्या खिडक्यांत कूलर गोणपाट पांघरून उभे,
वाळ्याच्या जुन्या ताटीतून
एक चिमणी काडी काडी ओढून नेत होती.

नवतप्यात जन्मला म्हणून
माझ्या बहिणीने त्याचं नाव तुषार ठेवलं.
हाक मारताना तरी गार वाटावं, म्हणायची.
आता तो नावाच्याच गावी राहायला गेलाय.

"महाग कशानं आहे?" मी विचारलं.
तो वाचू लागला. हँडल गरम होतं.
पुढे दिवा. बटणावर सुरू होते,
दोरी ओढावी लागत नाही.
रंग नारिंगी.
"नारिंगी रंग आपल्या कॉटन मार्केटात टोपलीनं मिळते बे,
आतलं सांग.
गिअर कशाचे? पातं किती जाड?
बिघडली तर माणूस किती दूर?"
"चाळीस किलोमीटर."
"बर्फातून?"
तो गप्प.

मीही गप्प. मला इंदिराबाई धकाते आठवल्या.
त्यांनी तांब्याच्या वाइंडिंगची मोटर मागितली होती.
मी अ‍ॅल्युमिनियमची दिली, भाव तांब्याचा लावला.
फरक साडेचारशे.
बाहेरून दोन्ही निळ्याच,
आणि मोटर उघडून पाहतंय कोण.
नवतप्याच्या पाचव्या रात्री ती जळाली.
घरात सून बाळंतीण, खोलीला एक खिडकी.
बाईंनी दारावर ओली चादर टांगली
आणि उजाडेपर्यंत पुठ्ठ्याने वारा घातला.
सकाळी मोटर फडक्यात गुंडाळून आल्या,
जशी काही तीच आजारी होती.
"आमच्याच लाइनीत काही असन, भाऊ."
आमच्याच.
मी तांब्याची लावून दिली, पैसे घेतले नाहीत.
त्या म्हणाल्या, देव तुमचं भलं करो.
ते वाक्य अजून दुकानात कुठेतरी पडलेलं आहे,
आवरताना हाताला लागतं.

हे मी तुषारला सांगितलं नाही.
म्हटलं, "गरम हँडलचे पैसे देऊ नको, हातमोजे घे.
दिव्याचेही नको, खिशात फोन आहे.
साधी घे. तुझं अंगण ते केवढं."

"अंगण दोन आहेत, मामा.
बाजूला एक म्हातारी राहते. मंगळवारी, शुक्रवारी
तिला दवाखान्यात न्यायला गाडी येते.
पहाटे तिचाही रस्ता मीच मोकळा करतो."

चिमणीने आणखी एक काडी उपसली.

"मग महागातली घे," मी म्हणालो.
"पण गिअर लोखंडाचे आहेत हे
दुकानदाराच्या तोंडून ऐकू नको.
खोलून दाखव म्हण. नाही दाखवलं तर उठ.
आणि साडेचारशे कमी पडले तर मला सांग."

तो हसला. "साडेचारशेच का?
तेवढ्यात इथे दोन कॉफी येतात, मामा."

"येऊ दे," म्हटलं.
फोन ठेवला,
आणि राहिलेलं शटर वर ढकललं.