पाण्याची खूण

चौगुल्यांच्या हातात किल्ली तिसऱ्यांदा फिरली तेव्हा दार उघडलं.
"नवं कुलूप आहे मॅडम, जड जातंय."
दोन खोल्या, हॉल, बाल्कनी.
पुण्यात एवढ्या पैशांत बिल्डर पाण्याचा ग्लास देतो
आणि नंतर फोन करतो म्हणतो.

पुण्यात माझं वर्ष अकरा महिन्यांचं असतं.
अकरा महिन्यांनी करार, दीड हजार वाढ,
मालकीणबाईंचं तेच वाक्य : भिंतीला खिळे नकोत.
पाच घरं झाली. लग्नातलं घड्याळ
पाचही घरांत फ्रिजवर आडवं पडून वेळ दाखवतं.

मी सुया टोचते. नोकरीच तशी आहे.
सकाळी साडेसहापासून लोकांच्या कोपराच्या खळगीत
शीर शोधत असते.
मिरजेतल्या हॉस्पिटलात विचारून आले,
नऊ हजार कमी देतील.
शिरा इथल्याही निळ्याच असणार.

"पाणी कुठवर आलं होतं?"
सांगलीत घर बघणारा हा प्रश्न शेवटी विचारतो,
चहावरची साय बोटानं बाजूला करत.
मी चपला काढता काढताच विचारला.
"एकोणीसला, का एकवीसला?" चौगुले म्हणाले,
घरातल्या पोरांबद्दल बोलावं तसं,
थोरल्याचं विचारताय का धाकट्याचं.
"ही बिल्डिंग त्याच्यानंतरची. हिला कायबी माहीत न्हाई."

खरंच. फरशी चकचकीत,
भिंतींना काहीच आठवत नव्हतं.
"तुमचा तिसरा मजला. आलंच तर पार्किंगात येईल."
"आणि आम्ही?"
"तुम्ही वर. बघायचं वरनं."
कुपवाडला उंचावर पाणी चढत नाही,
पण तिथं सात लाख जास्त.
म्हणजे कोरडं राहण्याचा भाव सात लाख.
मी मनातल्या मनात भागून बघितलं,
दर पावसाळ्याला किती पडतील.

खाली वॉचमन, दस्तगीरचाचा,
मांडीवर ताटली घेऊन लसूण सोलत होते.
त्यांनी बोट केलं शेजारच्या जुन्या घराकडं.
वरून दोनदा डिस्टेंपर मारलाय, तरी
माझ्या डोक्याच्या हातभर वर
एक पिवळट रेघ पुन्हा पुन्हा उमटते.
"गाळ निघतो ओ ताई. वास निघत न्हाई.
दिवाळीपत्तोर येतो.
मग एक दिवस ध्यानात येतं, आज आला न्हाई.
त्या दिवशी आम्ही मटण केलं."

मी टाचा उंचावल्या. बोट पोचलं नाही.
सवयीनं दोन बोटं भिंतीवर ठेवून थोपटलं,
लपलेली शीर वर यावी म्हणून थोपटते तसं.
चौगुले फोन कानाला लावून दुसरीकडं बघायला लागले.

यतीनचा मेसेज : हप्ता किती बसतोय?
त्याखाली ऊर्वीचा : तिथल्या शाळेत
मला परत नवीन मुलगी व्हावं लागेल का?
पहिल्याचं उत्तर माझ्याकडं होतं.
आत्ताच्या भाड्याहून आठशे रुपये कमी.

मोबाइल वर राहिला असं सांगून परत जिना चढले.
मोबाइल हातातच होता.
रिकाम्या हॉलमध्ये, दारासमोरच्या भिंतीशी उभी राहिले.
घड्याळ इथं. नाही, जरा वर.
पर्समध्ये खिळा कुठला असायला,
पेन होतं. एक ठिपका काढला,
मोहरीएवढा, निळा.
"टोकन?" चौगुल्यांनी खाली विचारलं.
"कळवते."

बसमध्ये स्वारगेटचं तिकीट काढलं
आणि मोबाइलवर बघत बसले,
आयर्विन पुलापाशी आज पातळी किती.
फेब्रुवारी महिना. नदी तळाला,
कुणाचं लक्षही नाही तिच्याकडं.
पेठ नाक्यापर्यंत तीनदा बघितलं.

शेजारच्या बाईंनी भडंगाची पुडी पुढं केली.
"घ्या की. इकडच्याच का तुम्ही?"
तोंडात शेंगदाणा होता. मान हलली.
हो म्हणून हलली का नाही म्हणून,
ते त्यांनाच विचारायला हवं होतं,
पण त्या कराडला उतरून गेल्या.