तिसरा बुधवार

अ‍ॅक्रनच्या लायब्ररीत, तळघरातल्या हॉलमध्ये
तो पोरगा पडद्यावर एक रेघ दाखवत होता,
वर, वर, आणखी वर.
तुमचं पेन्शन, तुमचं खातं, तुमची मर्जी.
कॉफी फुकट. बिस्किटंही.

व्हर्ना कोवाल्चिक माझ्या शेजारी.
एकतीस वर्षं टायरच्या कारखान्यात,
नखांच्या कडांना अजून काळं.
तिने हात वर केला नाही,
सरळ उभीच राहिली.

"लेका, माझ्या भावाचीही अशीच रेघ होती,
दोन हजार आठपर्यंत.
आता शहात्तराव्या वर्षी तो
सुपरमार्केटच्या दारात गाड्या ढकलतो.
माझा तिसरा बुधवार
एकदाही चुकला नाही.
रॉय गेला, त्या महिन्यातसुद्धा."

"सरासरी बघा ना, मॅडम."

"सरासरीला घरभाडं भरावं लागत नाही."

मला आईची भिशी आठवली.
इचलकरंजीतल्या वीस जणी, एक पत्र्याचा डबा.
शेवंता गेली, तर तिची पाळी
तिच्या लेकीच्या ओंजळीत आली.
डबा फोडून
ज्याचं त्याला वाटावं
असं कुणी म्हणालं नाही.

गाडीत बसल्यावर व्हर्नाने
पर्समधून कागदी रुमाल सोडला.
चार बिस्किटं.
दोन माझ्या हातावर ठेवत म्हणाली,
"यांच्याकडून घ्यायचं तर
एवढंच."