उशिराचा निळा

ल लॉक्लमध्ये बर्फ खिडकीच्या कमरेपर्यंत येतं,
म्हणून कामाची मेजं वरच्या मजल्यावर,
उत्तरेकडे तोंड करून.
उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही,
एडमे ह्युगनँ म्हणायची
आणि अकीकाचा खल पुढ्यात ओढायची.

खलात निळ्या काचेचा खडा, वर बोटभर पाणी.
कुटायचं नाही, घोटायचं.
पाणी गढूळलं की ओतायचं, नवं घ्यायचं,
पुन्हा ओतायचं.
किती वेळा? मी विचारलं होतं.
"तू कंटाळशील, त्यानंतर आणखी तीनदा."

मग नखाहून पातळ तांब्याची चकती,
तिच्यावर चाळून निळी भुकटी,
आणि आठशे अंशांची भट्टी.
बाहेर येते तेव्हा तबकडी निळी नसते.
लाल असते, मग काळी,
मग कडेकडून, भीत भीत, रंग परततो,
भूल उतरताना माणसाला
आपलं नाव आठवावं तसा.
असं सहा वेळा.
दहातल्या सात कुठेतरी तडकतात.
सातवी तडकली की एडमे उठून कॉफी ठेवायची.

काटे माझ्याकडे असत.
पितळेच्या किसावर तापणारं पोलाद:
गव्हाळ, तपकिरी, जांभळं,
आणि मग एकच क्षण निळं.
तिथेच उचलायचं.
श्वास सोडू आणि मग उचलू म्हटलं
की राखाडी.

शेवटच्या चार वर्षांत तिचा निळा खोल गेला.
आम्हाला दिसत होतं. कुणी बोललं नाही.
लिस्बनहून तेल्मो नावाचे गृहस्थ आले,
त्यांनी मनगट उन्हात धरलं, मग सावलीत,
मग टेबलाखाली, चोरासारखं.
सेकंदकाटा दोनदा पूर्ण फिरला.
किती वाजले विचारलं असतं
तर त्यांना सांगता आलं नसतं.
"याला तळ आहे का?" एवढंच म्हणाले
आणि आणखी एक मागवलं.

त्याच हिवाळ्यात नॉशातेलच्या डॉक्टरांनी
एडमेच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून बसलेली बाई,
तिच्या डोळ्यांत चहाचा रंग उतरत गेला
आणि तिलाच कळलं नव्हतं.
पट्टी काढून ती थेट कारखान्यात आली.
ट्रेमधली तबकडी उचलली.
डावा डोळा उघडा, उजवा मिटलेला: ठीक.
उजवा उघडा, डावा मिटलेला:
"हे मी केलं?
इतकं?"

नेहमीचाच निळा करत होते मी, ती म्हणाली,
तरुणपणी ठरवलेला, तोच.
धुक्यापलीकडच्या माणसाला हाक मारताना
आपण जरा जास्तच ओरडतो,
तसं झालं होतं.

संचालक वर आले, टोपी हातात घेऊन.
अकरा तबकड्यांची मागणी बाकी होती.
डाव्या डोळ्याचं थोडं पुढे ढकलता येईल का,
फार नाही, उन्हाळ्यापर्यंत.
एडमेने त्यांच्याकडे आधी डाव्या डोळ्याने पाहिलं,
मग उजव्याने.
मार्चमध्ये डावाही करून घेतला.
परतताना गाडीत पडदा ओढून बसली होती म्हणे.
बर्फसुद्धा निळं असतं,
इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही, म्हणून चिडली होती.

ते अकरा मी करून पाहिले.
चहाच्या रंगाची काच डोळ्याला लावूनही पाहिली.
छान झाले. ते नव्हते.

परवा तेल्मोंचं घड्याळ तेलपाण्याला आलं.
काटे काढले, तबकडी उलटी केली.
मागच्या मिन्यावर सुईने ओढलेल्या रेघा,
दर भाजणीला एक, तिची सवय.
सहा सरळ.
मग आणखी तीन, वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या.
नऊ वेळा आगीत घातली होती तिने,
नऊ वेळा तिला ती फिकी वाटली होती.

सगळं पुन्हा जोडलं, चावी दिली,
कानाला लावून थोडा वेळ बसलो.
मग तिला फोन केला.
ती एवढंच म्हणाली,
"तडकलीय का कुठे?"
नाही म्हटलं.
पलीकडे कॉफीच्या भांड्याचा आवाज आला.