नोंदीबाहेर

सव्वीस वर्षं मी त्यांच्या पायाशी बसलो,
लघुलेखनाचं यंत्र गुडघ्यांमध्ये धरून.
फार्गोचं फेडरल कोर्ट. खिडकीतून दिसायचे
साखरबिटाचे ट्रक, आणि मग पाच महिने नुसता बर्फ.

जज आल्मा ब्रेकहुस.
नेमणूक तहहयात.
पहिल्या दिवशी आसनावर बसून त्यांनी विचारलं,
हा हीटर असाच ठणठणतो का?
तो प्रश्न नोंदीत आहे. पान एक.

वडील धान्याच्या कोठारावर काटेवाले.
म्हणायचे, वजन करणाऱ्यानं काट्याकडे बघावं,
माल आणणाऱ्याच्या तोंडाकडे नाही.
हे सांगताना त्या हसायच्या,
आणि कोर्ट भरलं की
समोरच्या तोंडाकडेच बघत राहायच्या.

नव्या नागरिकांच्या शपथविधीच्या आदल्या रात्री
सोमाली, नेपाळी नावं मोठ्यानं घोकायच्या.
सकाळी जीभ कुठेच अडखळायची नाही.
शिक्षेच्या दिवशी नाव एकच असायचं,
बहुतेकदा सोपं.

क्लेटन बेल्गार्ड. वय बावीस. टर्टल माउंटनचा.
पुडीचं वजन कायद्याच्या रेषेपलीकडे
तीन ग्रॅम.
किमान दहा वर्षं.
किमान त्यांच्या हातात नव्हतं.

त्या थांबल्या.
भिंतीवरच्या घड्याळात मी एकोणीस सेकंद मोजले.
अशा थांबण्यासाठी माझ्या यंत्रात कळ नाही.
कागदावर एका ओळीखाली लगेच दुसरी ओळ येते,
जणू कुणी श्वासही घेतला नाही.

शिक्षा ऐकून पोरानं विचारलं,
माझ्या कुत्रीला कोण बघेल?
न्यायालय: ते या न्यायालयाच्या अधिकारात नाही.
शब्दशः. मीच टाइप केलंय.

त्या हिवाळ्यात
त्यांच्या राखाडी कोटाच्या बाहीवर
आखूड काळे केस दिसू लागले.
मार्शलनं बघितले. कारकुनानं बघितले.
मी ब्रश नेऊन दिला,
कुणाचे म्हणून विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी वकिलांची भाषणं झाली,
एकेचाळीस पानं,
प्रत्येकात 'निःपक्षपाती' हा शब्द.
वरच्या कोर्टानं फिरवलेल्या नऊ निकालांबद्दल
कुणी बोललं नाही.
त्या स्वतःच बोलल्या.
सात बरोबर फिरवले, म्हणाल्या.
दोन कुठले, ते सांगितलं नाही.

मग झग्याचं बटण काढता काढता
त्या वाकून मला काहीतरी म्हणाल्या.
यंत्राचं झाकण मी आधीच लावलं होतं.