वाकडा टी

दर जानेवारीत आमचा टाइपरायटर
पोलीस ठाण्यात हजेरी लावायला जायचा.
अकरा किलोचं ते धूड बाबा जुन्या ब्लँकेटात गुंडाळायचे,
घसरगाडीवर बांधायचे,
आणि ब्रईलाच्या गोठलेल्या गल्ल्यांतून
दोरी मी ओढायचे.
नऊ वर्षांची होते. वाटायचं, आजारी आहे तो.

ठाण्यात कारकून व्लायकू कोरा कागद पुढे सरकवायचा.
सगळी अक्षरं, लहान आणि मोठी. सगळे आकडे.
मग ठरलेला एक परिच्छेद, धरणाबद्दलचा.
कुणी कुठे काही टाइप करून भिंतीवर डकवलं
तर अक्षराच्या चेहऱ्यावरून हात सापडावा, म्हणून.
बाबा टाइप करायचे ती फक्त मधमाशीपालक संघाची इतिवृत्तं.
"कर नाही त्याला डर कशाला, तिबेरियुसाहेब,"
म्हणत व्लायकू मला पेपरमिंट द्यायचा.
मी ती खायचे. चांगली असायची.

आमचा टी वाकडा होता.
डावीकडे कललेला, लग्नातून उशिरा परतणाऱ्या मामासारखा.
एका रात्री बाबांनी कानशीने तो सरळ केला.
का, ते आईलाही सांगितलं नाही.
पुढच्या जानेवारीत व्लायकूने भिंग खाली ठेवलं:
"वयाने सगळे वाकतात.
तुमचा टी सरळ कसा झाला?"

त्या दिवशी घसरगाडी मी एकटीने घरी आणली. रिकामी.
बाबा तिसऱ्या दिवशी आले.
मधमाश्यांबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

आता मी कुलपं करते.
लोखंडाची नव्हेत; निरोपांना लावायची, आकड्यांची.
कुलूप कसं घडवलं त्याची ओळ न् ओळ उघडी ठेवते.
वाचा, तपासा, घेऊन जा, पैसे नकोत.
शेजारची ओलिम्पिया विचारते,
कृती गावभर सांगितलीस, मग कुलूप कसलं?
अगं, कृती सांगितली. किल्ली नाही.

मागच्या वर्षी मोन्तेविदेओहून नर्सिंगच्या एका विद्यार्थ्याने लिहिलं:
ओळ चारशे बारा. तुमचं चक्र एक फेरा जास्त घेतं.
कान तापले माझे.
अकरा वर्षं ती चूक उंबऱ्यात पडून होती
आणि मी रोज तिला ओलांडून आत जात होते.
झाकून ठेवली असती तरी सापडलीच असती कुणालातरी,
फक्त त्याने मला पत्र लिहिलं नसतं.

मग मंत्रालयातून एक गृहस्थ आले.
चांगले होते, खरंच. बूट दाराबाहेर काढले.
एक छोटी खिडकी ठेवा, म्हणाले, मुलांच्या सुरक्षिततेसाठी;
तिची किल्ली फक्त आमच्याकडे.
मी म्हटलं, खिडकीला माणसं ओळखता येत नाहीत.
ते हसले.
"तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नसेल, तर..."
माझ्या तोंडात पेपरमिंटची चव आली.

खोटं कशाला बोलू?
माझ्या कुलपाआड कोण काय ठेवतं, मला ठाऊक नाही.
काही रात्री झोप येत नाही.
आणि मी पाव कुठून घेते, कुठल्या वळणावर रेंगाळते,
हे माझ्याच खिशातला फोन कुणाकुणाला सांगत असतो,
बर्फ नसतानाही, दोरी न ओढता.
बाबा म्हणाले असते, आम्हाला निदान ओझं तरी कळायचं.

अर्ज केल्यावर त्यांची फाइल मिळाली.
पहिल्या तीन वर्षांच्या कागदांवर, समासात, लाल पेन्सिल:
"टी डावीकडे झुकतो."
त्यातला बरा कागद निवडून एकेक अक्षर मी उचललं,
फॉन्ट केला, आणि मोकळा सोडला.
बंदराजवळचा न्हावी त्यात दाढीचे दर लिहितो.
कुठेतरी कुणीतरी
भिंतीवर डकवायचं तेही लिहीत असेल.
शोधा म्हणावं आता हात.

गेल्या आठवड्यात एक तक्रार आली, अनोळखी माणसाची:
"टी वाकडा दिसतो. कृपया दुरुस्त करावा."

"माहीत आहे," एवढंच लिहिलं
आणि तक्रार बंद केली.